धनकोवाचून ऋण

गेल्या मार्गशीर्षात माणिकनगरच्या दत्तजयंतीच्या उत्सवासाठी आमचा एक पुतण्या बंगळूरहून हुमनाबादेस आला. त्याच्या सामानात कपड्यांहून एका पेटीचीच काळजी अधिक दिसली. पेटी उघडली तेव्हा आत अंगठ्याच्या पेराएवढे शिपाई निघाले. कोणी चिलखतातले, कोणी ढाल घेतलेले, बहुतेक सारे राखी रंगाचे, कोरे. मेजावर दोन सैन्ये मांडावयाची, फीतपट्टीने अंतर मोजून ती पुढे सरकवावयाची आणि फाशांच्या दानावर जय-पराजय ठरवावयाचा, असा हा खेळ आहे. शिपाई कोरेच विकत मिळतात. ते ज्याचे त्याने रंगवावयाचे. उत्सवाचे तास सोडले तर चार दिवस हा मुलगा डोळ्यांवर भिंग चढवून खिडकीशी बसला होता. एका शिपायाच्या डोळ्यातील बाहुली भरताना त्याने श्वास रोखलेला आम्ही पाहिला.

आम्ही विचारले, "खेळ मांडल्यावर हे डोळे कुणाला दिसतात?"

"कुणालाच नाही, काका. हातभर अंतरावरून शिपाई तांबडा की हिरवा एवढेच कळते."

"मग हा खटाटोप कशासाठी?"

"मला ठाऊक असते ना, की ते तिथे आहेत."

उत्तर ऐकावयास गोड आहे. पण आमचा व्यवसाय असा की गोड उत्तराची उलटतपासणी केल्यावाचून चैन पडत नाही. त्या उलटतपासणीतून पुढे जे निघाले, ते थोडे आमच्याही अंगावर आले, म्हणून हा लेख.

हा नाद केवळ आजकालच्या पोरांचा, असे मात्र कोणी समजू नये. इंग्लंडात १८९३ पासून आतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतले जाऊ लागले आणि ते घरोघर पोचले. १९१३ साली एच. जी. वेल्स यांच्यासारख्या नामांकित ग्रंथकाराने अशा शिपायांच्या लुटुपुटीच्या लढायांचे नियम सांगणारे एक पुस्तकच लिहिले. आणि आपल्याकडे पाहावे तर, खेळाच्या साहित्यावर जीव ओतून रंगकाम करण्याची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. कुलदेवतेच्या दर्शनास गोव्याला जाताना आम्ही एकदा वाटेत सावंतवाडीस उतरलो होतो. तेथील राजवाड्यातून आणलेला दशावतारी गंजिफांचा एक संच आमच्या कपाटात होता. तो काढून आम्ही पुतण्यापुढे ठेवला. त्याने भिंग न उतरवताच मत्स्यावताराचे पान उचलले आणि बराच वेळ तो काही बोलला नाही.

वाचकांपैकी कोकण-गोव्याकडील मंडळींस गंजिफा ठाऊक असतील. इकडे बिदर-कलबुर्गीच्या बाजूस मात्र नावही कोणी घेत नाही. पाने वाटोळी. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा, मिळून बारा पाने. असा संच १२० पानांचा. तिघे खेळतात. पाच अवतारांत दश्शा थोर, तर उरलेल्या पाचांत एक्का थोर, म्हणजे खेळणाराला स्मरण जागे ठेवावे लागते. दिवसा ज्याच्या हाती रामाचा राजा तो खेळ सुरू करतो. रात्री तोच मान कृष्णाच्या राजाला. मूळ खेळ मोगलांबरोबर आला. १५२७ साली बाबराने सिंधमधील एका स्नेह्यास गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आपल्या लोकांनी त्यात दशावतार बसवले. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडेयर यांना तर त्याचा इतका छंद की त्यांनी नवनवे संच आणि नवनवे खेळ रचले. सावंतवाडीस चितारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या ही पाने करीत. कागद-कापडाच्या थरांना चिंचोक्याची खळ, वर रंग, आणि लाखेचा लेप. छापील पत्ते स्वस्त झाले आणि ही कला एकदोन म्हाताऱ्या हातांपुरती उरली. त्या हातांपैकी एक पुंडलिक चितारी यांचे. त्यांच्याकडून शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ती शिकून घेतली व वाड्यातच कारागीर बसवले, म्हणून आज ती पाहावयास मिळते.

आमच्या प्रश्नाशी याचा संबंध असा. गंजिफा करणारे दोन कलमे जाणत: दरबार कलम आणि बाजार कलम. दरबारी संच हस्तिदंतावर किंवा कासवाच्या पाठीवर, वेलबुट्टीने भरलेला. बाजारी संच साधा, चार फटकाऱ्यांत अवतार ओळखू यावा इतकाच. पण नियम दोहोंना एकच. माशाच्या अंगावर खवले काढले म्हणून मत्स्याच्या राजाचे बळ वाढत नाही, की डोळे रेखले म्हणून पुतण्याच्या शिपायाची तलवार अधिक खोल जात नाही. खेळ त्या बारीक कामाची दखलच घेत नाही. मग ते कोणाचे देणे म्हणून केले जाते?

आमच्या मातोश्री जवळच जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांचा आक्षेप निराळाच होता. नरसिंहाचे चित्र पत्त्यांसारखे जमिनीवर आपटावयाचे, यात देवाची अवहेलना नाही काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. देवळाशी बांधलेल्या आपल्यासारख्या समाजात तो निघावयास हवाच. त्यावर आम्ही कायद्याच्या अंगाने उत्तर दिले. प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीनेही एक व्यक्ती आहे. तिला मालमत्ता असते, तिच्या नावे दावा चालतो. १९२५ साली कलकत्त्याच्या मलिक घराण्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने येथवर सांगितले की, मूर्तीने कोठे राहावे याविषयी मूर्तीचीही इच्छा विचारात घेतली पाहिजे. गंजिफेच्या पानाची प्रतिष्ठा झालेली नाही. ते चित्रच आहे. मातोश्रींचे यावर फारसे समाधान झाले नाही, पण त्या म्हणाल्या, "मग त्या चित्रकाराने देवासाठी नाही, तर कुणासाठी काढले रे इतके बारीक?" म्हणजे त्यांनीही आम्हांस फिरवून त्याच प्रश्नाशी आणून सोडले.

पुतण्याचे उत्तर 'स्वतःसाठी' असे होते. पण स्वतःचे स्वतःशी असलेले ऋण फार कच्चे. जो ऋणको तोच धनको असेल, तर तो वाटेल तेव्हा स्वतःस फारकत लिहून देऊ शकतो. चौथ्या शिपायाशी मान दुखू लागली की झाली सूट! 'देव पाहतो' हे मातोश्रींच्या पिढीचे उत्तर अधिक भक्कम खरे; परंतु देवास असे तपासनीसाच्या जागी बसविणे आम्हांस मनापासून रुचत नाही. आपल्या घरी नैवेद्याचा स्वयंपाक करणारी बाई मीठ चाखून पाहत नाही. चाखले तर ते उष्टे झाले. त्या मिठाची परीक्षा करणारा त्या घटकेस कोणीही नसतो, आणि नेमके तेव्हाच तिचा हात सर्वांत सावध असतो. देव रागावेल अशा भीतीने तिचा हात सावध असतो, असे आम्हांस कधी वाटले नाही.

करार अधिनियम, १८७२ च्या १५१ व्या कलमात या सावधपणाच्या जवळ जाणारे काहीतरी आहे. दुसऱ्याची वस्तू ठेव म्हणून ज्याने स्वीकारली, त्याने तिची तितकीच काळजी घ्यावी, जितकी एखादा साधारण शहाणा माणूस तशा स्थितीत स्वतःच्या वस्तूची घेईल. मोबदला मिळो वा न मिळो, प्रत्येक ठेवीस हे लागू आहे. कर्तव्य उत्पन्न होते ते किमतीतून होत नसून स्वीकारातून होते. कोणी कोणास मासा काढावयास लावलेले नव्हते. पण काढावयाचा असे ठरवून कुंचला उचलला, की मासा म्हटल्यावर त्याचे खवले आलेच. येथे ठेव परत मागणारा कोणी नाही, एवढाच फरक. तरीही हात लावताच वस्तू आपल्या स्वाधीन झाली, आणि अर्धवट सोडली तर ती अर्धवट राहिली हे तर खरेच. याला आम्ही धनकोवाचून ऋण म्हणतो. कायद्याच्या पुस्तकात असले ऋण बसणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे.

येथवर विचार आला आणि आम्ही मनात जरा प्रसन्न झालो. वाटले, असा बारीक कामाचा नाद माणसास आपोआप दक्ष करीत असेल. ज्याने शिपायाचा डोळा सांभाळला तो माणसांनाही सांभाळील. त्याच संध्याकाळी मातोश्रींनी औषधासाठी पाणी मागितले. एकदा, दोनदा, तीनदा. पुतण्या तिच्यापासून चार पावलांवर होता. त्यास ऐकू गेले नाही. म्हातारी भिंत धरीत स्वतः उठली. आम्ही त्याला बरेच बोललो. केसाएवढी रेघ तुला दिसते आणि हाडामांसाची आजी दिसत नाही, असे काहीसे. तो ओशाळला, आणि आम्हांला आपण योग्य तेच केले असे वाटले.

रात्री मात्र एक जुने प्रकरण आठवले, आणि ते अद्याप पाठ सोडीत नाही. बारा-तेरा वर्षांमागे जवळच्या एका खेड्यातील विधवेने साठवलेल्या पैशांतून एक एकर दहा गुंठे जमीन घेतली. खरेदीखत आमच्या कचेरीत झाले. आमच्याकडील कानडी दस्तांत जिला चक्कुबंदी म्हणतात, त्या चतुःसीमेत पूर्वेचा नाला पश्चिमेस पडला आणि पश्चिमेचा रस्ता पूर्वेस. सर्व्हे नंबर बरोबर, रक्कम बरोबर, नावे बरोबर. चतुःसीमा कोण वाचतो? आम्हीही वाचली नाही. विकणारा वारला, आणि त्याच्या वारसांना रस्त्याकडील पट्टा एकाएकी आपला वाटू लागला. चूकदुरुस्तीपत्रावर ते सही करीनात. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या २६ व्या कलमाखाली दस्त दुरुस्त करून घेण्याचा दावा लावावा लागला. सहा वर्षे चालला. चौथ्या वर्षी बाई गेली. निकाल आमच्या बाजूने लागला, असे म्हणण्याची पद्धत आहे. आम्ही त्या दाव्याची फी घेतली नाही. पण चूक टंकलेखकाची, असे आम्ही तिला सांगितले होते. ते खरेही होते. तिने टंकलेखकाला कधी दोष दिला नाही. 'गरीब पोर, चुकायचेच' असे म्हणाली.

ज्या आठवड्यात तो दस्त झाला, त्याच आठवड्यात एका मासिकासाठी लिहिलेल्या लेखातील एक वाक्य आम्ही सात वेळा फिरवले होते. ते आम्हांस अजून पाठ आहे. वाक्य चांगले होते.

तेव्हा कोवळ्या डोळ्याच्या बाहुलीत ओतलेली काळजी तेथेच राहते. ती पाझरून शेजारच्या खोलीत जात नाही. बिदरच्या कारागिराने काळ्या जस्तात चांदीची तार ठोकताना दाखविलेला संयम त्याच्या हिशेबाच्या वहीत उतरेलच, असे कोणी सांगू शकत नाही. न उतरला तर त्या सुरईस उणेपणाही येत नाही. शिपाई आपले देणे मागतो, आजी आपले, चक्कुबंदी आपले. एकाची फेड दुसऱ्याच्या खात्यावर जमा करून घ्यावी असे आम्हांस फार वाटे. नादिष्ट माणसाचे ते जुने समाधान आहे. पुतण्याच्या डोळ्यांतील बाहुल्या त्यामुळे व्यर्थ ठरतात असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्या शिपायाचे देणे त्याने चोख फेडले आहे, आणि ते फेडताना त्याच्या चेहऱ्यावर जी शांती होती ती आम्ही कोर्टाच्या आवारात क्वचितच पाहतो.

सकाळी आम्ही त्याला त्या दस्ताची हकीकत सांगितली; टंकलेखकाचा भाग धरून. तो ऐकत राहिला. मग विचारले, "काका, त्या बाईच्या मुलाला हे माहीत आहे?" त्यास नाही, असे आम्ही म्हणालो. त्या मुलाची आणि आमची सोमवारच्या बाजारात गाठ पडते. तो आदराने नमस्कार करतो.

उत्सव संपला, पुतण्या परत गेला. जाताना एक शिपाई आमच्या मेजावर ठेवून गेला आहे. त्याचा एकच डोळा भरून झाला आहे. दुसरा पुढच्या दत्तजयंतीस येऊन भरीन, म्हणाला. मातोश्रींनी तो हातावर घेऊन उजेडाकडे धरून पाहिला आणि विचारले, "तोवर हा बिचारा एकाच डोळ्याने बघणार काय?"