छतावरचे ऊन आणि शहराचे ऋण

मुंबईत बटण दाबले की दिवा लागतो. तो उजेड कोठून आला, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. विजेचे बिल भरले की व्यवहार पुरा झाला, अशी आपली समजूत असते. आम्हांस मात्र वाटते की, बिलात न लिहिलेलीही एक किंमत असते आणि ती बहुधा दुसराच कोणी भरीत असतो.

१९१५ साली खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले व सह्याद्रीच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. पुढे मुळशीला धरण होऊ लागले, तेव्हा १९२१ साली मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापटांनी तुरुंगवास पत्करला. तरीही गावे पाण्याखाली गेलीच. १९९० च्या दशकात डहाणूला कोळशावरचे केंद्र उभे राहिले. वीज मुंबईला आली, राख डहाणूस राहिली. सोय एकाची आणि सोसणे दुसऱ्याचे, हा हिशेब न्यायाचा म्हणता येईल काय?

दरम्यान शहराच्या छतांवर ऊन रोज पडतच आहे. मुंबईच्या आयआयटीतील दोन संशोधकांनी २०१५ साली त्याचे मोजमाप प्रसिद्ध केले. शहराच्या छतांवर सुमारे २,१९० मेगावॉट क्षमतेची सौर यंत्रणा बसू शकते आणि रोजच्या सरासरी गरजेचा १२.८ ते २० टक्के भाग तिच्यातून भागू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा आकडा आपल्याला नम्र करतो. सारी छते झाकली तरी चार पंचमांश वीज अन्य मार्गांनीच आणावी लागेल. म्हणून सौर यंत्रणा बसविली की हवी तेवढी उधळपट्टी करण्यास मोकळीक मिळाली, असे कोणी मानू नये. पण सारे ऋण फेडता येत नाही, म्हणून फेडता येण्याजोगा भागही बुडवावा काय? एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते व दिवसाला सरासरी चार युनिटे मिळतात. पावसाळ्यात ती घटतात, हे खरे. परंतु वर्षात उन्हाचे महिनेच अधिक.

खरी अडचण अन्यत्र आहे. ऊन सर्वांचे असले तरी छत सर्वांचे नसते. झोपडीच्या पत्र्याला पॅनेलचा भार पेलत नाही. चाळीवर शेजारच्या टॉवरची सावली पडते. सोसायटीची गच्ची सामाईक असते, आणि जे सामाईक त्याची काळजी कोणीच घेत नाही. म्हणूनच ज्यांना पक्के छत लाभले आहे, त्यांचे कर्तव्य अधिक मोठे ठरते. सोसायटीच्या पुढील सभेत पंप, लिफ्ट आणि जिन्यातील दिवे यांच्यापुरता तरी हा विषय मांडावा.

आपल्या छतावर निर्माण झालेले प्रत्येक युनिट कोणा दूरच्या शेजाऱ्याच्या माथ्यावरील भार तितका हलका करते. त्या शेजाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक नसेल. त्याचे देणे मात्र आपल्याच नावावर आहे.