रिकामे उभे असलेले मजूर
(मत्तय 20:1-16)

मोऱ्याच्या धक्क्यावर मासळीच्या टोपल्या माणसे हातांनी उतरवितात. जवळच्या न्हावा-शेवा बंदरात मात्र 1989 सालापासून टनावारी मालाची पोलादी पेटी यंत्र एका उचलीत उतरविते. 1956 साली अमेरिकेत सुरू झालेली ही पेट्यांची रीत साऱ्या जगात पसरली. गोणी वाहून वाकलेल्या पाठींचे ओझे उतरले, ह्याबद्दल देवाची स्तुती असो. परंतु ओझ्याबरोबर पुष्कळांची मजुरीही गेली.

अशा बंधूला आम्ही कधी आळशी म्हटले नाही काय? दाखल्यातील धनी दिवस मावळण्यास तासभर उरला असताही बाजारात गेला. तेथे रिकामे उभे असलेले म्हणाले की, आम्हांस कोणी कामास लावलेच नाही. त्याने त्यांस दोष दिला नाही. मळ्यात पाठविले आणि पुऱ्या दिवसाची मजुरी दिली. चूल तर त्यांच्याही घरी होती.

म्हणून आम्ही यंत्रास शाप देऊ नये, आणि त्याने मागे टाकलेल्या माणसास विसरूही नये. आपल्या मंडळीत असा कोण आहे? ह्याच आठवड्यात त्याच्या दारी जाऊ या. त्याच्या मुलास नवे काम शिकण्यास हातभार लावू या. धनी अजून मजूर शोधीत आहे. आमेन.