संध्याकाळचा धनी कोण?

दिवसभर दुसऱ्याच्या शेतांत राबून घरीं आलेला मनुष्य म्हणतो, "आतां तरी मला नियम नको." त्याचें म्हणणें अगदींच चुकीचें आहे काय?

शहाद्याकडील सालदारांची पूर्वीची स्थिति आठवा. सालाच्या करारानें बांधलेल्या त्या मनुष्यास रात्रदेखील स्वतःची नसे. अशा कष्टकऱ्यांचा लढा १९७२ सालीं श्रमिक संघटनेनें हातीं घेतला. तेव्हां मोकळी संध्याकाळ ही क्षुल्लक वस्तु नव्हे.

परंतु धनी गेला म्हणून त्याची जागा रिकामी राहत नाहीं. तेथें दारू किंवा मोबाईल येऊन बसतो. धन्याचा नियम धन्याच्या लाभासाठीं, आपला नियम आपल्या हितासाठीं, हा भेद ओळखावा.

तळोदें तालुक्यांत १९३७-३८ च्या सुमारास गुलाम महाराजांच्या सोमवारच्या आरतीस भिल्ल बांधव हजारोंनीं जमत, व अनेकांनीं दारू सोडली. त्यांचा पंथ निराळा, तरी धडा घेण्याजोगा आहे: दिवस ठरलेला होता, आणि सर्व मिळून बसत. एकट्याचा निश्चय थकव्यापुढें टिकत नाहीं.

म्हणून स्नान, कुटुंबासह भोजन व प्रार्थना, मुलांजवळ बसून अर्धा तास वाचन, इतकें नेमानें करावें. उरलेला वेळ मोकळा असूं द्यावा. अंगणांत खाटेवर निवांत पडणें हें पाप नव्हे.

मात्र त्या वेळीं घरची बाई चुलीपाशींच असेल, तर उठून तिच्या कामास हात लावावा. नाहीं तर सालदार सुटला, आणि स्वतःच धनी झाला!