हक्कपत्र आणि उचल

१९ जानेवारी २०२३ रोजी कर्नाटकातल्या मळखेडला, राष्ट्रकूटांच्या जुन्या राजधानीत, लमाण तांड्यांवरच्या सुमारे ५०,००० कुटुंबांसाठी पंतप्रधानांच्या हस्ते घरजागेच्या हक्कपत्रांचं वाटप झालं. कलबुर्गी, बीदर, यादगीर, रायचूर आणि विजयपूर या पाच जिल्ह्यांतल्या १,४७५ बिननोंदीच्या वस्त्या महसुली गावं ठरल्या. बातमी चांगलीच होती. पण स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षं ही ठिकाणं सरकारी दप्तरात गाव म्हणून नव्हतीच, हेही त्याच बातमीत होतं.

लमाण गरीब का, याचं आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे: भटके, अशिक्षित, मागास. पण दख्खनची मालवाहतूक शतकानुशतकं याच लोकांच्या बैलांवर चालली. किनाऱ्याचं मीठ घाटावर आणि घाटावरचं धान्य खाली त्यांनीच नेलं. मुघल फौजांना रसद त्यांचीच. १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या सैन्याचं पोटही त्यांच्या तांड्यांवर अवलंबून होतं. लदेणीचा माल पुष्कळदा त्यांचा स्वतःचा असे आणि तो भाव ठरवून विकला जाई. तेव्हा गरजू सरकार होतं.

१८७१ मध्ये मुंबईकडची रेल्वे गुलबर्ग्यावरून (आजच्या कलबुर्गीवरून) रायचूरला पोचली. १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादचा मार्ग खुला झाला, तो निजामाच्या पैशाने. आगगाडीने बैलाचा धंदा बुडवला, यात एकट्या लमाणांवर अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. वाहतूकदार सगळीकडेच बुडाले. प्रश्न पुढचा आहे. बुडालेल्या माणसाला दुसरीकडे हात घालायला जागा लागते. लमाणांकडे गुरं होती आणि फिरण्याची सवय होती. गुरांना लागणारं जंगल सरकारने राखीव केलं, चराईवर फी बसवली. फिरणं तर संशयाचंच कारण झालं. गुन्हेगार जमाती कायदाही १८७१ चाच, आधी उत्तरेपुरता आणि १९११ नंतर मुंबई इलाख्यातही. शेजारच्या सोलापुरात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना काटेरी तारेच्या आत ठेवून, हजेरी घेऊन गिरण्यांत कामाला लावलं जाई. सुधारणा आणि स्वस्त मजूर, दोन्ही एकाच खात्यातून. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला.

यातला बराचसा भाग निजामाच्या राज्यात होता आणि ते राज्य ही काही इंग्रजांची वसाहत नव्हती, असं कुणी म्हणेल. कागदोपत्री खरं आहे. पण इंग्रज रेसिडेंटच्या छायेतल्या त्या राज्यातही लमाणांकडे पाहण्याची नजर तीच होती, हे इतिहासकार भांग्या भुक्या यांनी निजामाच्या राजवटीतल्या लंबाड्यांवरच्या (तिकडे लमाणांना लंबाडा म्हणतात) ग्रंथात तपशिलाने मांडलं आहे.

आज तांड्यावर ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, ती सुगीच्या आधी, हातात पैसा नसताना. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. हंगामभर ऊस तोडून फिटली तर फिटली, नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. (आपल्या चहातल्या साखरेत हा हिशेब असतो.) लोक उचल का घेतात? खरिपाचं पीककर्ज शेताच्या पहाणीवर, म्हणजे सातबाऱ्यासारख्या उताऱ्यावर, मिळतं, आणि कसलेली जमीन अनेकांच्या नावावर नाही. हक्कपत्र घरजागेचं आहे. त्याने घरकुल होईल, मुकादम टळणार नाही.

राखीव जागांनी काहीच दिलं नाही, असं नव्हे. कलबुर्गी जिल्ह्यातल्या चिंचोळीचे आमदार राहिलेले, लमाण समाजातले उमेश जाधव २०१९ मध्ये मल्लिकार्जुन खर्गे यांना हरवून लोकसभेत गेले. मात्र प्रतिनिधित्व मिळालं म्हणून शिवार नावावर होत नाही. शिवाय जातीचा दाखला राज्याच्या सीमेला बांधलेला. लमाण कर्नाटकात अनुसूचित जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत. सोयरीक तिन्हीकडे, सवलत ज्या त्या राज्यापुरती.

दाखल्यातल्या या फरकाची खरी किंमत जंगलाच्या कडेला कळते. २००६ च्या वनाधिकार कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की दावा उभा राहतो. इतरांना त्या तारखेआधीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. तेलंगणातल्या तांडूरकडच्या लंबाड्याला पहिली अट लागू, चिंचोळीच्या जंगलालगतच्या त्याच्या पाहुण्याला दुसरी. हा पुरावा मागणारं सरकार तेच, ज्याने ही वस्ती कधी दप्तरात लिहिली नव्हती.