समुद्रकाठचा रविवार

आमच्या हिंडलग्यातून जाणारा रस्ता सरळ समुद्राला जाऊन मिळतो, ही गोष्ट रोज त्याच रस्त्याने बाजारहाट करणारे आम्ही लोक विसरून गेलेलो असतो. सुळगा, तुरमुरी, बाची ही गावे मागे पडली की शिनोळीस महाराष्ट्र लागतो. पुढे चंदगड तालुका, आंबोली, घाट उतरून दाणोली, सावंतवाडी आणि शेवटी वेंगुर्ले. एके काळी वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल याच वाटेने बैलगाड्यांतून घाटावर येत असे. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही सहा माणसे या वाटेने खाली उतरलो आणि एक आठवडा त्या किनाऱ्यावर राहिलो.

निघण्यापूर्वी आमच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्या बंधूंनी विचारले होते, "एवढा पैसा समुद्र पाहण्यात घालवणे ख्रिस्ती माणसाला शोभते का?" त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण हा आक्षेप मला पटला नाही. शिष्य गावोगाव सेवा करून परत आले, जेवायलाही त्यांना सवड मिळेना, तेव्हा प्रभूने स्वतःच त्यांना एकांतात जाऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले, असे मार्काच्या सहाव्या अध्यायात आहे. तेही तारवात बसून पाण्यावरूनच गेले. विसावा घेणे हे पाप नव्हे. माझ्या मनाला जो प्रश्न लागला तो निराळाच, आणि तो परत येताना लागला.

किनाऱ्याचे वर्णन फार करीत नाही. ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना ते पुरणार नाही. शिरोड्यास गेलो. १९३० साली जेथे मिठाचा सत्याग्रह झाला आणि जेथे वि. स. खांडेकर अनेक वर्षे शाळामास्तर होते, ते हे गाव. वेंगुर्ल्यात डच व्यापाऱ्यांच्या वखारीचे अवशेष पाहिले. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने या गावात चालविलेल्या दवाखान्याची आठवण आमच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. मालवणास होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. त्याचे बांधकाम १६६४ साली सुरू झाले, हे मुलांनी शाळेत पाठ केले होते; प्रत्यक्ष तटाखाली उभे राहिल्यावर ती गप्प झाली.

पण सगळ्यांत अधिक लक्षात राहिली ती रापण. होडीतून मोठे जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढीत आणतात. दोराला पुष्कळ माणसे लागतात. म्हातारी असतात, पोरे असतात. आमची मुलेही धावली आणि दोराला लागली. जाळे वर आल्यावर मासळीचे वाटे झाले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे. आणि कोणी न सांगता आमच्या मुलांच्या हातांवरही चार बांगडे पडले. दोराला हात लावणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, अशी तेथली रीत. मी मात्र बाजूला उभा राहून फोटो काढीत होतो. एक रापणकर घाम पुसत हसून म्हणाला, "तुमका बघूक बरा दिसता!" तो टोमणा नव्हता, पण मला तो लागला. आम्ही ज्याला 'देखावा' म्हणत होतो ती त्या माणसांची सकाळपासूनची मेहनत होती.

आता रविवारची गोष्ट. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. आता त्या बाजूला घरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन जेवणखाण करून घालणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. आम्ही वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत अशाच घरी उतरलो होतो. घरच्या मावशी रोमन कॅथलिक. भल्या पहाटे उठून आंबोळ्या, दुपारी भाकरी, माशाचे तिखले, सोलकढी. रात्री पुन्हा तेच. रविवारी आम्ही न्याहारी करून, स्वच्छ कपडे घालून उपासनेस गेलो. परक्या गावात आपली गीते आपल्या भाषेत म्हणताना मन भरून आले. परत आलो तर मावशी चुलीपुढेच होत्या. मी सहज विचारले, "मावशी, तुमची सकाळची मिसा झाली का?"

"गणपतीपासून गेलंयच नाय," त्या म्हणाल्या. "पावणे आसतत. पावसात चार म्हयने बसानच आसतंव. देव खंय पळान जाता?"

मी हसलो आणि जेवायला बसलो. जेवण उत्तम झाले होते.

परतताना आंबोलीचा घाट चढत असता माझी पत्नी म्हणाली, "आपण उपासनेला गेलो म्हणून त्या जाऊ शकल्या नाहीत." त्यानंतर हिंडलगा येईपर्यंत आम्ही फारसे बोललो नाही.

शब्बाथाची आज्ञा शास्त्रात दोन ठिकाणी आहे, हे शब्बाथशाळेच्या शिक्षकांना सांगायला नको. निर्गमात तिचे कारण सृष्टीची उत्पत्ती हे दिले आहे: देवाने विसावा घेतला म्हणून तूही घे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात कारण वेगळे आहे. तेथे तुझ्या दासाला आणि दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळावा असे म्हटले आहे, आणि तूही मिसरात दास होतास याची आठवण दिली आहे. मी ही आज्ञा वर्षानुवर्षे मुलांना पाठ करवून घेतली. पण शिकवताना जोर नेहमी 'आपण' काय करू नये यावर. आपल्यासाठी दुसऱ्याला काय करावे लागते, याकडे माझे लक्ष गेले नव्हते.

माझ्या आजीच्या घरी रविवारी चूल पेटत नसे. शनिवारी संध्याकाळीच भाकऱ्या भाजून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्या चटणीशी खायच्या. आम्ही नातवंडे याला मिशनचे जुने सोवळे म्हणून हसत असू. त्या नियमाने घरात विसावा कोणाला मिळत होता? आजोबा तर रोजच आरामखुर्चीत असत. विसावा मिळत होता तो आजीला, आठवड्यातून एकदाच. आम्ही नियम मोडला आणि त्याला सुवार्तेतील स्वातंत्र्य म्हटले. आज आमच्या घरी रविवारचे जेवण आठवड्यातले सर्वांत मोठे असते. ते कोण रांधते, हे वाचकांनी आपापल्या घरी पाहावे.

दुसरी बाजूही आहे, आणि ती खरी आहे. आम्ही गेलो नसतो तर मावशींची मिसा झाली असती, पण त्या आठवड्याची कमाई गेली असती. पावसाळ्यात तेथे पाहुणे फारसे येत नाहीत. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. रिकामी चूल म्हणजे विसावा नव्हे. म्हणून 'जाऊच नये' हे उत्तर मला सोपे आणि खोटे वाटते. त्यात आपले मन स्वच्छ राहते आणि तोटा दुसऱ्याचा होतो.

मार्थेच्या घरची गोष्ट आपण नेहमी मार्थेला बोल लावून सांगतो. पण तेथे थोडेच पुरे आहे असे म्हणणारा कोण होता? पाहुणा. मार्था आपण होऊन हात थांबवू शकत नव्हती. यजमानीण ते कधीच करू शकत नाही, आणि पैसे घेणारी यजमानीण तर मुळीच नाही. ते फक्त पाहुण्यानेच म्हणायचे असते. मी शनिवारी रात्री एवढेच म्हणायला हवे होते, की मावशी, उद्या सकाळी आम्हाला पाव-चहा पुरे, दुपारी पेज आणि सुकट चालेल, पैसे ठरल्याप्रमाणेच. एका वाक्याचे काम होते. ते मला सुचले नाही, कारण पूर्ण आठवड्याचे पैसे मी दिले होते आणि रविवारही त्यातच मोजला होता.

यंदा दसऱ्यापूर्वी मी त्यांना फोन केला. पुन्हा येतो आहोत असे सांगितले, आणि रविवारी सकाळी व दुपारी काही रांधू नका, तुम्ही मिसेला जा, असेही सांगितले. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग मावशींनी काळजीने विचारले, "मास्तर, गेल्या टायमाक जेवाण बरा नाय झाला काय?"