नव्या राज्यात जाताना : शस्त्र, कायदा आणि सद्सद्विवेक

(वाचनासाठी शास्त्रभाग : उत्पत्ति 31:17-35 व 35:1-7, एज्रा 8:21-23, नहेम्या 2:7-9, 1 पेत्र 2:11-17)

आपल्या मंडळ्यांतील कित्येक घरांची मुले-मुली आज अमेरिकेत संसार करून राहिली आहेत. नोकरीच्या निमित्ताने त्यांना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवावे लागते. अशा वेळी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आपल्याला इकडे बसून जितका दूरचा वाटतो तितका दूरचा नाही. एका राज्यात जे शस्त्र घरात ठेवणे कायदेशीर होते, तेच दुसऱ्या राज्यात ठेवणे गुन्हा ठरत असेल, तर ख्रिस्ती माणसाने काय करावे? राज्याची सीमा ओलांडली म्हणून पाप-पुण्याची सीमाही सरकते काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्याकडे 1959 चा शस्त्र अधिनियम साऱ्या देशाला लागू आहे आणि परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नाही. कर्नाटकातील कोडगूच्या लोकांना जुन्या काळापासून मिळालेली सूट हा अपवाद. अमेरिकेत तसे नाही. तेथील राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती 1791 साली झाली. तिच्या आधारे स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्क आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली दिला. 2022 साली हा हक्क घराबाहेरही मान्य केला. तरीही निर्बंध घालण्याचा बराच अधिकार राज्यांच्या हाती आहे, आणि राज्याराज्यांत मोठा फरक आहे. टेक्सासमध्ये सप्टेंबर 2021 पासून, कायद्याने अपात्र न ठरलेल्या 21 वर्षांवरील माणसाला परवान्यावाचून पिस्तूल घेऊन फिरता येते. तोच माणूस कॅलिफोर्नियात राहावयास गेला, तर त्याने 60 दिवसांच्या आत आपल्या बंदुकांची नोंद सरकारकडे केली पाहिजे. दहापेक्षा अधिक गोळ्या मावणारी मॅगझिन त्याला तेथे आणता येत नाहीत आणि काही प्रकारच्या रायफली तर मुळीच नेता येत नाहीत. इलिनॉय राज्यात बंदूक जवळ ठेवण्यासाठीच राज्याचे ओळखपत्र लागते. वाटेतल्या राज्यातून केवळ जाणाऱ्या प्रवाशाला 1986 च्या एका केंद्रीय कायद्याचे संरक्षण आहे, पण त्यासाठी बंदूक रिकामी व हाताशी न येईल अशी बंद असली पाहिजे. जो तेथेच राहावयास जातो, त्याला हे संरक्षण पुरत नाही.

आता नीतीचा प्रश्न. गोव्याहून बडोद्यास बदली झालेल्या आपल्या वाचकाला याचे उत्तर अर्धेअधिक ठाऊक आहे. गोव्यात जी बाटली दुकानातून उघडपणे विकत घेता येते, तीच गुजरातेत परवान्यावाचून जवळ ठेवणे गुन्हा आहे. कारण 1960 साली ते राज्य झाले तेव्हापासून तेथे दारूबंदी आहे. बाटली तीच, माणूस तोच. मग बदलले काय? शेजारी बदलले. आपण ज्या लोकांत राहावयास गेलो, त्यांनी एकत्र नांदण्यासाठी आपसांत काही नियम ठरविले आहेत. त्यांच्या गावात आपण घर घेतले, त्यांच्या शाळेत मुले घातली, त्यांचे रस्ते व इस्पितळे वापरली. मग त्यांचा एकच नियम कडू लागतो म्हणून तो गुपचूप बाजूला सारणे हा न्याय नव्हे. वस्तू स्वतः पापमय नसली, तरी शेजाऱ्याशी केलेला अबोल करार मोडणे हे पाप आहे. पेत्राने विश्वासणाऱ्यांना परके व प्रवासी म्हटले, आणि त्याच ओघात राजाच्या व अधिकाऱ्यांच्या अधीन असण्याची आज्ञा केली. प्रवासी म्हणून आपल्याला सूट मिळत नाही. उलट आपली जबाबदारी वाढते.

कोणी म्हणेल, “माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असे प्रेषितांनीच सांगितले आहे ना?” होय. पण ते केव्हा? देवाने सांगितलेली गोष्ट करू नका असे अधिकारी सांगू लागले तेव्हा. बंदूक बाळगा, अशी देवाची आज्ञा कोठेही नाही. यावर असेही म्हणता येईल की, दुर्बळांचे रक्षण करण्याची आज्ञा तर आहे. हा मुद्दा खरा आहे आणि तो हलका लेखू नये. ज्या खेड्यात पोलीस यायला तास लागतो, तेथे एकट्या राहणाऱ्या विधवेची भीती खोटी नसते. परंतु कायदा रक्षण करण्यास मनाई करीत नाही. रक्षणाच्या एका साधनाला मर्यादा घालतो, आणि बहुधा परवान्याची वाटही ठेवतो. ती वाट लांब व खर्चाची असेल, पण वाट लांब आहे म्हणून कुंपणावरून उडी मारण्याचा हक्क उत्पन्न होत नाही.

शास्त्रात प्रवासाला निघालेली तीन माणसे या बाबतीत फार बोधप्रद आहेत.

एज्रा बाबेलहून यरुशलेमेस निघाला तेव्हा त्याच्याबरोबर बायका-मुले होती, सोनेरुपे होते, आणि वाटेत लुटारू होते. तरी राजाकडे शिपाई व घोडेस्वार मागण्याची त्याला लाज वाटली. कारण देव आपल्या शोधकांचा सांभाळ करतो, असे तो राजाला सांगून बसला होता. त्याने नदीकाठी उपास केला आणि शस्त्रधारी सोबतीवाचून वाट धरली.

पुढे नहेम्या त्याच यरुशलेमेस निघाला. राजाने त्याच्याबरोबर सरदार व स्वार दिले आणि त्याने ते नाकारले नाहीत. मात्र त्याने आधी राजाकडून पलीकडच्या प्रांतांच्या अधिकाऱ्यांसाठी पत्रे मागून घेतली होती आणि तेथे पोहोचताच ती त्यांच्या हाती दिली. आजच्या भाषेत बोलायचे तर त्याचे कागदपत्र चोख होते.

एक निःशस्त्र गेला, एक सशस्त्र गेला. शास्त्र दोघांपैकी कोणालाही दोष देत नाही. यावरून शस्त्र बाळगणारा प्रत्येक भाऊ अविश्वासू आणि न बाळगणारा प्रत्येक भाऊ भित्रा, असे ठरविणाऱ्या दोन्ही पक्षांनी तोंडाला आवर घालावा.

तिसरी प्रवासी राहेल. बापाचे घर सोडताना तिने त्याच्या गृहदेवता चोरल्या, उंटाच्या कंठाळीत लपविल्या आणि त्यावर बसून राहिली. लाबान शोधावयास आला तेव्हा उठता येत नाही अशी सबब तिने सांगितली. याकोबाला यातले काहीच माहीत नव्हते. ज्याच्याजवळ त्या सापडतील तो जिवंत राहणार नाही, असे तो लाबानाला बोलून चुकला होता. एकीच्या लपविण्याने साऱ्या कुटुंबावर टांगती तरवार आली, आणि कर्त्या पुरुषाला त्याचा पत्ताही नव्हता! नव्या राज्यात कपाटाच्या तळाशी नोंद न केलेले पिस्तूल ठेवणाऱ्या घराचे चित्र याहून वेगळे काय आहे? संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेत मुलांना खरे बोलण्याचा पाठ द्यावयाचा, आणि कपाटाविषयी कोणाला सांगू नका असेही बजावायचे, या दोन गोष्टी एका घरात नांदत नाहीत. मुले दुसराच पाठ लक्षात ठेवतात.

येथे आणखी एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. बंदूक घरात येते ती बाहेरच्या चोराच्या भीतीने. पण 2021 साली अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसे मेली, त्यांपैकी 26,328 आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा बंदूक चोरावर नव्हे, तर निराश झालेल्या माणसाच्या स्वतःवरच चालली. तो कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी बाप होता. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला धाब्यावर कठडा बांधण्याची आज्ञा आहे, नाहीतर कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष घरावर येईल. धाबे वाईट नव्हते. कठड्यावाचूनचे धाबे वाईट. बंदूक कुलपात ठेवा, नोंद करा, असे जे कायदे सांगतात, त्यांत या कठड्याची आठवण आपल्याला झाली पाहिजे.

या प्रश्नाला सोपे उत्तर आहे असे मात्र कोणी समजू नये. 17 जून 2015 रोजी चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये शास्त्राभ्यासास बसलेल्या नऊ जणांना, त्यांनीच आदराने जवळ बसविलेल्या तरुणाने ठार केले. डिसेंबर 2019 मध्ये टेक्सासमधील व्हाइट सेटलमेंट येथील उपासनेत दोघे मारले गेले, आणि मंडळीतीलच एका सशस्त्र सभासदाने काही सेकंदांत मारेकऱ्याला थांबविले. पहिली घटना वाचून, तेथे कोणाजवळ शस्त्र असते तर, असे मनात येते. आणि मारेकऱ्याच्या हाती बंदूक इतक्या सहज कशी आली, असेही मनात येते. कायदा कोणता चांगला, यावर प्रामाणिक विश्वासणाऱ्यांत मतभेद राहतील. ज्याला नव्या राज्याचा कायदा अन्यायाचा वाटतो त्याने मतदान करावे, प्रतिनिधीला लिहावे, न्यायालयात जावे. पौलाने फेस्तासमोर उभे राहून कैसराकडे दाद मागितली, ती उघडपणे. तेवढीही तयारी नसेल, तर बिऱ्हाड हलविण्यापूर्वी चौकशी करावी. जे नेता येत नाही ते कायदेशीर रीतीने विकावे. जे नेता येते त्याची मुदतीत नोंद करावी. हेही मान्य नसेल, तर तेथे न जाण्याचे स्वातंत्र्य आहेच.

शेवटी याकोबाकडे पुन्हा वळू. त्याच्या मुलांच्या तरवारींनी शखेमात रक्त सांडले होते आणि आता आसपासचे लोक आपला नाश करतील, या भयाने तो ग्रासला होता. तेव्हा देवाने त्याला बेथेलास जाण्यास सांगितले. निघण्यापूर्वी त्याने घरच्यांकडून परके देव व कानांतली कुंडले घेऊन झाडाखाली पुरली. त्याने तरवारी पुरल्या असे शास्त्र म्हणत नाही, आणि आपणही तसे शिकवू नये. पण ज्यांवर घराचा खोटा भरवसा होता ते त्याने मागे ठेवले. आणि त्यानंतर कोणी त्याचा पाठलाग केला नाही, असे लिहिले आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी बंदूक हातातही धरलेली नाही. ग्वाल्हेरच्या वाचकांनी तेवढी चंबळ खोऱ्यात खांद्यावरच्या बंदुकीला मिळणारी प्रतिष्ठा पाहिली असेल. म्हणून अमेरिकेतील भावाला दोष देणे आपल्याला सोपे जाते. परंतु आपल्याही कंठाळीत काही असते : ओळखीचा फौजदार, बँकेतली ठेव, वरपर्यंत लागणारा वशिला. हे गेले तर रात्री झोप लागेल काय, असा प्रश्न शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी वरच्या वर्गाला हा पाठ शिकविताना जरूर विचारावा, आणि उत्तरासाठी घाई करू नये. जे सोडताना हात थरथरतो त्यावरच आपला भरवसा होता. ते कायद्याने सोडावयास लावले म्हणून तरी आपल्याला कळले, याबद्दल त्या परक्या राज्याचे आभारच मानले पाहिजेत.