कंदिलाला मोरचूद कशाला?

वकिलाच्या घरी जन्मलेल्या मुलाला कागदाचा धाक आधी कळतो आणि त्याची मौज मागाहून. फोंडा महालातील आमच्या घराच्या पडवीत वडिलांची कचेरी होती आणि तेथील कागदाला हात लावण्याची आम्हां मुलांना सक्त मनाई असे. त्या कागदावर कोणाची जमीन, कोणाचे कर्ज, कोणाचा वारसा उभा होता. परंतु आश्विन सरत आला, की त्याच पडवीत निराळा कागद येई. तांबड्या, हिरव्या, पिवळ्या पतंगी कागदाचे ताव बाजारातून येत, बांबूच्या कामट्या पाण्यात भिजत पडत, आणि वडिलांचे वृद्ध कारकून आम्हां मुलांना भोवती घेऊन आकाशकंदील करावयास बसत.

हे कारकून वर्षभर जुन्या दस्तऐवजांची बांधणी करीत. त्यासाठी ते मैद्याची खळ शिजवीत आणि तीत चिमूटभर मोरचूद घालीत. मोरचूद विषारी, तो घातला म्हणजे खळीला झुरळ आणि कसर लागत नाही. एका वर्षी कंदिलासाठी खळ शिजत असता मी मोठ्या जबाबदारीने मोरचुदाची पुडी त्यांच्यापुढे नेली. ती माझ्या हातून काढून घेत ते म्हणाले, "बाबा, कंदिलाला मोरचूद कशाला? त्याला काय दप्तरात जायचे आहे?"

सगळे हसले आणि मी ओशाळलो. परंतु त्याच संध्याकाळी माझ्या हातून सांगाड्याची एक गाठ ढिली राहिली, तेव्हा या गृहस्थांनी ती मला तीन वेळा सोडून पुन्हा बांधावयास लावली. नरकचतुर्दशीच्या पहाटे टांगलेला कंदील फार तर तुळशीच्या लग्नापर्यंत, म्हणजे आम्हां गोवेकरांच्या व्हडल्या दिवाळीपर्यंत राहावयाचा. तोवर दंवाने त्याचा कागद सैल पडलेला असतो. जी वस्तू पंधरा दिवस टिकावयाची, तिला टिकण्याचे औषध नको. मग तिची गाठ मात्र इतकी पक्की का हवी? हा प्रश्न तेव्हा मला विचारता आला नाही. आता चाळिशी उलटल्यावर तो मीच मला विचारीत आहे.

वाचकांस हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि तो कंदिलापुरता नाही. जे नासणार हे ठाऊक आहे त्यावर माणसाने मनापासून श्रम करावे काय, आणि करावे तर कोणत्या हेतूने, असा तो प्रश्न आहे.

प्रथम विरुद्ध पक्षाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. माझे एक शेजारी घडीचा तयार कंदील आणतात. दिवाळी झाली की तो मिटून पेटीत ठेवतात आणि पुढल्या वर्षी उघडतात. ते म्हणतात, "वकीलसाहेब, तुम्ही तीन संध्याकाळी, चार ताव कागद आणि घरातली दोन माणसे खर्ची घालता. मला पाच मिनिटे पुरतात. प्रकाश दोघांचाही सारखाच पडतो." या हिशेबात मला चूक काढता आलेली नाही. शिवाय बाजारचा कंदील कोणीतरी केलेलाच असतो आणि त्यावर त्याची चूल पेटते. तेव्हा विकत घेणे हा दोष आहे, असे मी म्हणणार नाही.

कायद्यानेही या वादाचा निकाल लागत नाही. महाराष्ट्राने २०१८ साली प्लास्टिक आणि थर्माकोलवर निर्बंध घातले. पुढे केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनुसार शोभेच्या थर्माकोलला १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी झाली. हे उचितच झाले, कारण चार दिवसांच्या आरासीसाठी न कुजणारा पदार्थ नदीत सोडणे हा पुढच्या पिढीवर टाकलेला बोजा आहे. परंतु कायदा एवढेच सांगू शकतो, की अमुक वस्तू वापरू नका. तुम्ही स्वतः कात्री हाती घ्या, असे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. तो प्रांत नीतीचा आहे.

कोणी म्हणेल, हातच्या वस्तूत सौंदर्य अधिक असते. मला हे मान्य करता येत नाही. मी केलेले कंदील वाकडे झालेले आहेत, आणि यंत्राने कापलेली नक्षी माझ्या नक्षीहून सरस असते. कोणी म्हणेल, बालपणीच्या आठवणी त्यात असतात. असतील, परंतु आठवण हे कर्तव्याचे कारण होऊ शकत नाही. खरे उत्तर शोधावयाचे तर ते आपल्या पूजाविधीतच शोधले पाहिजे, कारण नाशवंत वस्तू निष्ठेने घडविण्याचा एवढा दीर्घ अभ्यास आपण दुसरीकडे कोठेही केलेला नाही.

चवथीचा गणपती पार्थिव असतो, म्हणजे मातीचा. त्याची प्राणप्रतिष्ठा करताना आपल्याला विसर्जनाचा दिवस ठाऊक असतो, आणि तरीही मूर्तिकार डोळ्यांची रेघ ओढताना श्वास रोखून धरतो. वृंदावनच्या मंदिरांत पितृपक्षात सांझी काढतात. कागदात बारीक जाळी कातरून त्या साच्यांतून कोरडे रंग गाळतात, कृष्णलीलेचे चित्र उमटते, आणि दर्शन झाले की ते पुसून टाकतात. ग्वाल्हेर-हैदराबादकडील वाचकांनी मोहरमचे ताबूत पाहिले असतील. तेही बांबूचे आणि कागदाचे. आमच्या गोव्यात नरकासुराचा देह बांबू, गवत आणि कागद यांचा. रात्रभर जागून मुले तो उभा करतात आणि पहाटे जाळतात.

या उदाहरणांतून एक गोष्ट दिसते. फळाची आसक्ती सोडावी, हा गीतेचा उपदेश आपण पुष्कळदा आपल्या सोयीने वाचतो. वस्तू टिकणारच नाही, मग ती कशीही करून चालेल, असे म्हणणारा मनुष्य अनासक्त नसतो. तो केवळ निष्काळजी असतो. निष्काळजी मनुष्य कामातून आपले मन काढून घेतो आणि अनासक्त मनुष्य फळातून. बाहेरून दोघेही सारखेच निश्चिंत दिसतात, म्हणून त्यांची गल्लत होते. कागदाची आरास ही या दोघांची परीक्षा आहे. ती नीट करावयाची तर मन पूर्ण लागते, आणि ती सोडावयाची तर मन पूर्ण काढून घ्यावे लागते. आमच्या कारकुनांनी मोरचूद नाकारला आणि ढिली गाठ सोडावयास लावली, या दोन गोष्टी एकाच संध्याकाळी घडल्या. त्यांत विरोध नव्हता, हे कळावयास मला बरीच वर्षे लागली.

ही परीक्षा सोपी नसते, याचा पुरावा नरकासुरच देतो. त्याच्या दहनाला आता ठिकठिकाणी स्पर्धांची आणि बक्षिसांची जोड मिळाली आहे, आणि बक्षीस आले की फळही आले. असुर वर्षागणिक उंच होत चालला आहे आणि त्याला मारणारा कृष्ण पुष्कळदा त्याच्या गुडघ्याशी दिसतो. जाळण्यासाठी केलेल्या वस्तूवरही माणसाचा अहंकार कसा बसतो, हे त्यात दिसते.

आता दुसरी बाजू. जुन्नरचा हातकागद एके काळी प्रसिद्ध होता. मराठ्यांच्या राज्यात लिहिलेले जुने कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही वाचता येतात. परंतु त्या कामावर पोट भरणारे जुन्नरचे कागदी आपल्या हुन्नरातून केव्हाच बाहेर पडले. तेथे वस्तू उरली आणि ती करणारा हात गेला. कंदिलाचे याच्या उलट आहे. तो दरवर्षी नासतो, म्हणून दरवर्षी करावा लागतो, आणि म्हणून कोणाला तरी शिकवावा लागतो. चाळीस वर्षे टिकणारा कंदील घरात असता, तर चाळीस वर्षे त्या घरातील एकाही मुलाला कामटी तासता आली नसती.

गोव्याच्या हिंदूंना तरी हे नव्याने सांगावयास नको. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा श्रीमंगेश प्रियोळला आला, केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्याला आली. ज्या चिऱ्यांवर पिढ्यांनी भरवसा ठेवला होता ते मागे राहिले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसले आणि मधला थोडा काळ सोडता ते १८१२ पर्यंत चालले. आजही गोव्यातील काही घराण्यांत चवथीला मातीच्या मूर्तीऐवजी कागदावर रेखाटलेला गणपती पूजतात, आणि ही रीत त्या भयाच्या काळापासूनची आहे, असे ती घराणी सांगतात. कागद घडी करून लपविता येतो. देऊळ लपविता येत नाही. दगडाने जे रक्षिले नाही, ते हातांच्या सवयीने रक्षिले.

येथवर मी तत्त्व सांगितले. आता एक कबुली द्यावयाची आहे.

काही वर्षांपूर्वी एका घरच्या वाटणीचे काम माझ्याकडे आले होते. पक्षकारांची ओळख पटेल असे मी काही सांगत नाही. आमच्याकडे अशा प्रकरणात मिळकतीची इन्व्हेंटरी करतात. भाटापासून तांब्या-पितळेपर्यंत प्रत्येक वस्तूची यादी होते आणि किंमत लागते. त्या घरात गणपतीचे शिसवी मखर होते. त्याची किंमत लागली, आणि ते मूळघरासह थोरल्या भावाकडे गेले. त्या मखराला दर चवथीला कागदाची झालर लागे. पांढरा ताव आठ घड्यांनी दुमडून घरातील एक विधवा आत्या कात्रीने ती जाळी कातरीत असे आणि दोन्ही भावांची मुले तिच्याभोवती बसून रंगीत बेगड चिकटवीत. झालर यादीत आली नाही. तशी ती येणे शक्यही नव्हते, कारण यादीच्या दिवशी ती अस्तित्वातच नव्हती. आत्या धाकट्या भावाकडे राहावयास गेली.

काम मी चोख केले. कोणाच्या वाट्याला पैशाचाही अन्याय झाला नाही, आणि तो करार माझ्यामागेही टिकेल असा आहे. पुढल्या चवथीला मी दोन्ही घरी दर्शनास गेलो. थोरल्याच्या घरी शिसवी मखर उभे होते. त्याला बाजारची चकचकीत झालर होती. धाकट्याच्या घरी एका साध्या मेजावर गणपती बसविला होता आणि पाठीमागच्या भिंतीवर आत्याने कातरलेली जाळी होती. दोन्हीकडे मुले होती. ती इकडून तिकडे गेली नव्हती.

मी कायद्याबाहेर काही केले नाही. वाटण्या होतात, त्या न्यायाने व्हाव्या यासाठीच वकील असतो. परंतु ज्या वस्तूची किंमत शून्य होती, तिच्याभोवती ते घर एक बसत होते, हे मला यादी करताना सुचले नाही. सुचले असते तर मी निदान एवढे विचारू शकलो असतो, की झालर कोठे कातरायची? हा प्रश्न कोणत्याही कलमात बसत नाही. कदाचित त्याने काही बदललेही नसते. पण तो विचारणे माझे काम नव्हते, असे मला आज म्हणवत नाही.

कागदाच्या कंदिलावर कोणाला मालकी सांगता येत नाही, कारण ती सांगेपर्यंत तो उरत नाही. त्यात आपण जे घालतो ते परत मिळत नाही, आणि ज्यांच्यासोबत बसून घातले तेवढे सोबती राहतात. जगात टिकाऊ वस्तू हव्यातच. दस्तऐवजाला मोरचूद घातलाच पाहिजे. न घालणारा कारकून पक्षकाराचा द्रोह करतो. परंतु घरातील सगळ्याच कागदांना मोरचूद घालणारा मनुष्य, म्हणजे जे टिकेल तेवढेच खरे मानणारा, आपल्या मुलांना यादी देऊन जाईल.

गेल्या आश्विनात माझ्या मुलीसोबत मी कंदील केला. कामट्या मीच तासल्या. तिने खळीत बोट बुडवून विचारले, "बाबा, हा किती दिवस राहील?" मी म्हणालो, "तुळशीच्या लग्नापर्यंत." तिने क्षणभर विचार केला आणि चुरगळलेला कागद काढून तेथे नवा लावला.